रिकामं फोल्डर आणि नऊ रिजेक्ट प्लेटा

सिन्नरच्या शेडमधल्या रिजेक्शन रजिस्टरात एका ओळीत नऊ प्लेटा लिहिल्या होत्या. बोअर (प्लेटेतलं भोक) ३२ चा हवा होता, निघाला ३५ चा. बोअर लहान राहिला तर परत मशीनवर चढवून मोठा करता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही. नऊच्या नऊ भंगारात गेल्या. कारणाच्या रकान्यात सुपरवायझरच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सेटरने जुना प्रोग्राम लावला.’

सेटर, म्हणजे मशीनवर जॉब आणि प्रोग्राम लावणारे, आमचे मामा. वय पन्नाशीच्या पुढचं, व्हीएमसीवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) हात बसलेला माणूस. ते एकच सांगत होते, ‘मी नवा प्रोग्राम सेव्ह केला होता, दोन दिवस त्यावर माल पण काढला.’ फाइल मात्र सर्व्हरवर कुठेच नव्हती. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मग उरलं कोण?

नाशिकमधल्या लहान वर्कशॉपांची नेटवर्कची कामं मी करतो. हा सेटअप माझाच होता, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून ठेवतोय. ज्यांच्याकडे दोन जागा आणि एक फाइल सर्व्हर आहे, त्यांच्याकडे असंच कधीही घडू शकतं.

मांडणी काय होती

मुख्य ऑफिस आणि डिझाइन अंबड एमआयडीसीत. दुसरं शेड सिन्नरला, तीन व्हीएमसी मशीनचं. अंबडहून निघून नाशिक रोड, शिंदे, पळसे आणि मोहदरी घाट चढून जायचं, म्हणजे एका चुकीच्या फाइलसाठी अर्धा दिवस जातो. पेन ड्राइव्हची ने-आण बंद व्हावी म्हणूनच सर्व्हर बसवला होता.

सर्व्हर म्हणजे अंबडच्या ऑफिसातला एक टॉवर कॉम्प्युटर. ४ टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवरही. त्यावर उबुंटू सर्व्हर (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा, म्हणजे लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर. डिझाइनवाले विंडोजवर आहेत, त्यांना हे सगळं ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसतं. सिन्नरच्या कॉम्प्युटरवर उबुंटू होतं, कारण मशीन जुनं आणि काम एकच: सर्व्हरवरचा प्रोग्राम उघडायचा आणि डीएनसीने (प्रोग्राम मशीनमध्ये चढवणाऱ्या सॉफ्टवेअरने) व्हीएमसीला पाठवायचा. दोन्ही टोकं वायरगार्डच्या बोगद्याने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी जोडणीने) जोडलेली, अंबडच्या लाइनला स्थिर आयपी. सांबाचं ४४५ नंबरचं पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवायचं नाही, हे मी कुठेही तडजोड न करता पाळतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कोंडून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते एसएमबीच्या (नेटवर्कवर फाइली वाटायच्या विंडोजच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीतल्या भोकातूनच.

लिनक्स आहे तर एनएफएस (फाइली वाटायची युनिक्सकडची पद्धत) का नाही, असं एकाने विचारलं होतं. एनएफएस १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सने युनिक्स मशीनसाठी काढलं. लिनक्स ते लिनक्स असेल तर आजही मला तेच आवडतं. पण इथे वापरणारे बहुतेक विंडोजवाले, आणि विंडोजची भाषा एसएमबी. अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुमारास सांबा लिहायला घेतलं तेच मुळी युनिक्सला ती भाषा बोलता यावी म्हणून. एकाच फोल्डरला दोन दारं ठेवली की लॉकिंगचे आणि परवानग्यांचे घोळ वाढतात. त्यामुळे एकच दार ठेवलं.

सिन्नरच्या कॉम्प्युटरवर ‘काम’ नावाचं एक रिकामं फोल्डर केलं आणि त्यावर सर्व्हरचं फोल्डर माउंट होईल अशी ओळ एफएसटॅब फाइलमध्ये (काय कुठे जोडायचं याच्या लिनक्सच्या यादीत) लिहिली. या प्रकरणाचं मूळ त्या एका ओळीत आणि त्या रिकाम्या फोल्डरमध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

माउंट करणं म्हणजे फाइली आणून फोल्डरमध्ये भरणं नव्हे. मांडलेल्या पाटावर दुसरा पाट ठेवावा तसं ते असतं. वरचा पाट आहे तोवर खालचा दिसत नाही, पण तो तिथेच असतो. वरचा उचलला की खालचा उघडा पडतो. आणि मुख्य गोष्ट अशी की दोन्ही वेळा त्या जागेचं नाव एकच. ‘काम’ उघडलं की कधी सर्व्हर दिसतो, कधी स्वतःच्या डिस्कवरचं साधं फोल्डर. वापरणाऱ्याला नुसतं उघडून फरक कळत नाही.

सेटअपच्या वेळी दोन अडचणी आल्या होत्या. पहिली, बोगदा तयार नसला की कॉम्प्युटर सुरू होताना माउंटपाशी रेंगाळायचा. मी ओळीत ‘नोफेल’ घातलं, म्हणजे सर्व्हर मिळाला नाही तरी पुढे जा. दुसरी, मामांना फोल्डरमध्ये सेव्ह करता येत नव्हतं, ‘परवानगी नाही’ असं यायचं. घाईत मी दोन उपाय एकदम केले. त्या रिकाम्या फोल्डरची मालकी मामांच्या लॉगिनच्या नावे केली, आणि ओळीत त्यांचा यूआयडी (लॉगिनचा नंबर) घातला. सेव्ह व्हायला लागलं. मी निघालो.

त्यातला चालला तो दुसरा उपाय. अशा सांबा माउंटमध्ये फाइली कोणाच्या नावे दिसणार हे ओळीतला यूआयडी ठरवतो, खालच्या फोल्डरच्या मालकीचा त्याच्याशी संबंध नाही. पहिला उपाय निरुपयोगी होता, आणि मी तो परत फिरवला नाही. फोल्डर रूटच्या (लिनक्समधल्या सर्वाधिकारी लॉगिनच्या) नावेच राहिलं असतं तर पुढचं घडलंच नसतं.

वळवाची रात्र

मे महिन्याची अखेर, संध्याकाळी वळीव झोडपून गेला. दोन्हीकडची लाइट गेली. सिन्नरची रात्री साडेनऊला आली, अंबडची त्यानंतर बऱ्याच वेळाने. आणि अंबडची आल्यावरही सर्व्हर सुरू झाला नाही, कारण त्याच्या बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो’ हे सेटिंग बंद होतं. सकाळी नऊला ऑफिस उघडलं तेव्हा कोणीतरी बटण दाबलं.

सिन्नरच्या कॉम्प्युटरने सुरू होताना सर्व्हरला हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि सांगितल्याप्रमाणे तो पुढे गेला. सकाळी सर्व्हर उठल्यावर बोगदा आपोआप जुळला, कारण वायरगार्डला आम्ही दर २५ सेकंदांनी हाक मारत राहायला लावलं होतं. माउंटचं तसं नसतं. एफएसटॅबमधली साधी ओळ बूट होताना एकदा प्रयत्न करते, परत कोणी सांगितल्याशिवाय करत नाही.

वळवाच्या त्या रात्री मामा सेकंड शिफ्टला होते. त्यांनी ‘काम’ उघडलं तर रिकामं. अंबडला फोन लावला, रात्री साडेदहाला कोण उचलणार? ग्राहकाचं नवं ड्रॉइंग दुपारीच कागदावर आलं होतं, बोअर ३५ वरून ३२. व्हीएमसीच्या मेमरीत जुना प्रोग्राम होता. तो त्यांनी कॉम्प्युटरवर परत घेतला, बोअरचा आकडा बदलला, पहिल्या ओळीच्या कंसात नवी रिव्हिजन लिहिली. ‘काम’मध्ये आधीसारखीच फोल्डरं तयार केली, तीच नावं, आणि जुन्याच नावाने फाइल सेव्ह केली. पहिला नग काढून मोजला. ३२ बरोबर.

यात चूक काय होती, हे मी आजही स्वतःला विचारतो. मला एकही सापडत नाही. फोल्डरने फाइल घेतली, डीएनसीने उघडली, मशीनने कापली. दोन दिवस माल बरोबर निघाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला डिझाइनमधून मला फोन आला, ‘सिन्नरला नव्या फाइली दिसत नाहीत म्हणतात, जरा बघा.’ मी अंबडच्या सर्व्हरमार्गे सिन्नरच्या कॉम्प्युटरवर शिरलो, माउंट नाही हे पाहिलं, सगळी माउंट परत जोडायची आज्ञा दिली. फोल्डर भरलं. ‘झालं,’ म्हटलं आणि फोन ठेवला. दोन मिनिटांचं काम.

माउंट करण्याआधी त्या फोल्डरमध्ये काय आहे हे मी पाहिलं नाही. मामांचा दोन दिवसांचा ऐवज मी तिथल्या तिथे झाकून टाकला. त्याच नावाने आता सर्व्हरवरचा जुना, ३५ चा प्रोग्राम दिसू लागला. मधे दुसरा जॉब लावायला व्हीएमसीची मेमरी मोकळी केली होती, म्हणून त्या रात्री प्रोग्राम परत कॉम्प्युटरवरून चढवला गेला. त्याच ठिकाणाहून, त्याच नावाचा. पहिला नग परत मोजला नाही, कारण आदल्या दिवशी हाच प्रोग्राम मोजून झाला होता.

शोध

मला बोलावलं ते ‘मामा म्हणतात फाइल होती, एकदा बघून टाका’ अशा सुरात. मालक समोर बसलेले, मामा दाराशी उभे. मी म्हटलं, ‘मामा, तुम्ही इथे बसा. त्या रात्री जे जे केलं ते तसंच मला करून दाखवा.’ त्यांनी दाखवलं. एकही पायरी अडखळली नाही.

डीएनसीचं सॉफ्टवेअर पाठवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद ठेवतं. ती उघडली. वळवाच्या रात्री १० वाजून ५२ मिनिटांनी पाठवलेल्या फाइलचा आकार होता ४७,९१२ बाइट. प्लेटा बिघडल्या त्या रात्री, त्याच पत्त्यावरच्या, त्याच नावाच्या फाइलचा आकार ४७,८८० बाइट. सर्व्हरवरची फाइल पाहिली, तीही ४७,८८०, आणि तारीख एप्रिलमधली. म्हणजे एकाच पत्त्यावर दोन वेगळ्या फाइली राहून गेल्या होत्या. बत्तीस बाइटचा फरक हा मामांनी पहिल्या ओळीत टाकलेल्या रिव्हिजनच्या नोंदीचा होता.

मग सिस्टमची नोंद काढली. बूट होताना माउंट अयशस्वी. त्यानंतर थेट तिसऱ्या दिवशी दुपारी यशस्वी, माझ्या लॉगिनने. मधल्या काळात ‘काम’ म्हणजे सिन्नरच्याच डिस्कवरचं फोल्डर होतं.

वरचा पाट न उचलता खाली बघायची एक सोय लिनक्समध्ये आहे. कॉम्प्युटरची संपूर्ण मुख्य (रूट) डिस्क दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर ‘बाइंड’ करून माउंट करायची. साध्या बाइंडमध्ये फक्त मूळ डिस्क येते, तिच्यावर चढवलेली इतर माउंट येत नाहीत, त्यामुळे झाकलेलं उघडं दिसतं. सर्व्हरचं माउंट काढूनही खालचं दिसलं असतं, पण तेव्हा मशीनवर दुसरा जॉब चालू होता.

बाइंड केलं, ‘काम’मध्ये गेलो. मामांनी केलेली फोल्डरं तशीच होती. फाइलवर वेळ रात्री १० वाजून ३८ मिनिटांची, आकार ४७,९१२. उघडल्यावर बोअर ३२. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो आकडा जवळून वाचला, आणि चष्मा परत खिशात ठेवला.

बॅकअपचा धक्का

शोध इथे संपायला हवा होता. पण सिन्नरच्या कॉम्प्युटरला एक यूएसबी डिस्क लावलेली होती आणि रोज रात्री अडीचला आरसिंक हे प्रती काढणारं सॉफ्टवेअर ‘काम’ची प्रत तिच्यावर घ्यायचं. सर्व्हरवरून काढलेल्या फाइली प्रतीतूनही निघाव्यात म्हणून त्यात ‘डिलीट’ चालू होतं. मला घाम फुटला तो हे आठवल्यावर.

आरसिंकच्या दृष्टीने त्या रात्री मूळ फोल्डरमध्ये मामांच्या चारसहा फाइली होत्या आणि प्रतीत ६० जीबी. त्याने आज्ञा पाळली. लॉगमध्ये पानंच्या पानं ‘डिलीटिंग’. पुढच्या रात्रीही तेच. माझं माउंट परत आल्यावर तिसऱ्या रात्री त्याने ६० जीबी पुन्हा ओढून आणले. एरवी पाच मिनिटांत उरकणारं काम ५० एमबीपीएसच्या लाइनवर पावणेतीन तास चाललं. आणि त्याच रात्री मामांच्या फाइलवर जुनी फाइल चढली, कारण वेगळं सांगितल्याशिवाय आरसिंक नवी-जुनी बघत नाही, फक्त वेगळी आहे का ते बघतं.

म्हणजे दोन रात्री या कंपनीचा एकमेव बॅकअप जवळजवळ रिकामा होता, आणि त्याच काळात सर्व्हरला विजेचा झटका बसलेला. डिस्क तेव्हा गेल्या असत्या तर वर्षानुवर्षांचं डिझाइन गेलं असतं. मालकांना मी हे स्पष्ट सांगितलं. नऊ प्लेटांचं नुकसान त्यापुढे काहीच नव्हतं.

काय बदललं

आधी मामांच्या फाइली खालून काढून तारखेच्या फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवल्या. थेट सर्व्हरवर टाकल्या नाहीत, कारण मधल्या दोन दिवसांत डिझाइनवाल्यांनीही काही फाइली बदललेल्या असू शकत होत्या. मामा आणि डिझाइनर यांनी एकत्र बसून एकेक फाइल पाहिली, कोणती ठेवायची ते ठरवलं. तासभर लागला. असा तास वाचवायला जाऊ नये.

सर्व्हरच्या बायोसमधलं सेटिंग चालू केलं. त्याला पाच मिनिटं लागली.

खरा बदल त्या खालच्या फोल्डरचा. सर्व्हरचं माउंट उतरवलं, खालचं फोल्डर पूर्ण रिकामं केलं, मालकी परत रूटला दिली, आणि सीएचअ‍ॅटर या आज्ञेने त्यावर ‘आय’ ही खूण लावली. ही खूण असलेल्या फोल्डरमध्ये रूटलाही फाइल करता येत नाही. पण त्यावर माउंट मात्र होतं, आणि माउंट झाल्यावर लिहिणं-वाचणं नेहमीसारखं चालतं, कारण तेव्हा आपण वरच्या पाटावर असतो. आता सर्व्हर नसेल तेव्हा सेव्ह करायला गेलं तर नकारच येतो. एवढी एक खूण आधी असती तर मामांना त्या रात्री साडेदहालाच कळलं असतं.

एफएसटॅबची ओळ नव्याने लिहिली. सिस्टमडीचं (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या भागाचं) ऑटोमाउंट घातलं, म्हणजे बूट होताना एकदाच हाक मारून सोडून न देता, कोणी फोल्डर उघडेल तेव्हा प्रत्येक वेळी प्रयत्न होतो. सर्व्हर नसेल तर रिकामं फोल्डर न दिसता चूक दिसते, आणि सर्व्हर आला की पुढच्या क्लिकला उघडतं. वाट बघायची मर्यादा १५ सेकंद ठेवली, नाहीतर फाइल मॅनेजर गोठल्यासारखा वाटतो आणि माणूस कॉम्प्युटरचं बटण दाबतो. माउंटच्या आधी वायरगार्ड सुरू असलाच पाहिजे अशी अट घातली. ‘नोफेल’ ठेवलं, त्याचा दोष नव्हता. सांबाचा पासवर्ड आधी त्या ओळीतच होता, कोणालाही वाचता येईल असा. तो वेगळ्या फाइलमध्ये नेला आणि ती फक्त रूटला वाचता येईल अशी केली. ऑटोमाउंट आहे तर खूण कशाला, असं वाटेल. ऑटोमाउंट ही पण एक सर्व्हिस आहे. ती बंद पडली तर तळाचं फोल्डर पुन्हा उघडं पडतं. म्हणून दोन्ही ठेवावं.

बॅकअपच्या स्क्रिप्टला पहिल्याच ओळीत विचारायला लावलं, ‘काम’वर खरंच माउंट आहे का? त्यासाठी माउंटपॉइंट नावाची छोटी आज्ञाच आहे. शिवाय सर्व्हरच्या फोल्डरमध्ये एक ठरावीक नावाची फाइल ठेवली, ती दिसली तरच पुढे जायचं. एका रात्रीत २०० पेक्षा जास्त फाइली पुसू नकोस अशी मर्यादा आरसिंकला घातली. आणि एकच प्रत रोज बदलण्याऐवजी रोजच्या तारखेची वेगळी प्रत ठेवायला सुरुवात केली. न बदललेल्या फाइली हार्ड लिंकने (पुन्हा न लिहिता त्याच फाइलला दुसरं नाव देऊन) जोडल्या जातात, त्यामुळे जागा फारशी लागत नाही.

जाता जाता, माउंट न झाल्यावर जे आकडे येतात त्याबद्दल, कारण दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. १३ आला तर नाव, पासवर्ड किंवा परवानगी बघा. २ आला तर शेअरचं नाव चुकलेलं असतं. ११५ म्हणजे तिकडून उत्तरच येत नाही, बोगदा आणि वीज बघा. ११२ फसवा आहे. तो ‘होस्ट बंद आहे’ म्हणतो, पण पलीकडे फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती बोलणारं जुनं यंत्र असेल तरीही तो येतो. अशा वेळी पहिली आवृत्ती चालू करून वेळ मारून नेऊ नका, यंत्र बदला.

हे सगळं झाल्यावर मी मामांनाच अंबडची लाइन तोडून दाखवायला सांगितलं, म्हणजे राउटरची केबल त्यांनीच काढली. फोल्डर उघडलं, पंधरा सेकंद गेले, चूक आली. टर्मिनलवरून रूट होऊन तळाच्या फोल्डरमध्ये लिहून पाहिलं, नकार आला. केबल लावली, मिनिटभराने फोल्डर उघडलं. मामांनी स्वतःहून एक कागद लिहिला आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवला: ‘काम उघडत नसेल तर काहीही सेव्ह करू नका. फोन करा.’ खाली माझा नंबर.

रिजेक्शन रजिस्टर मालकांनी त्याच दिवशी मागवून घेतलं. जुनी ओळ खोडली नाही, तिच्याखाली स्वतः लिहिलं, ‘फाइल सर्व्हर जोडलेला नव्हता. सेटरची चूक नाही,’ आणि सही केली. सुपरवायझरने मामांना चहाला बोलावलं. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

जुलैत पुन्हा एकदा रात्री अंबडची लाइट गेली. यूपीएस संपल्यावर सर्व्हर बंद पडला. दहा वाजून वीस मिनिटांनी मामांचा फोन, ‘भाऊ, काम उघडत नाहीये, चूक दाखवतंय.’ म्हटलं, ‘मामा, काही सेव्ह केलं का?’ ‘घेतच नाही ना.’ मी त्यांना दुसरा जॉब लावायला सांगितलं, ज्याचा प्रोग्राम मशीनच्या मेमरीत होता. पावणेअकराला लाइट आली, सर्व्हर स्वतःहून उठला, आणि अकराच्या आत त्यांचा परत फोन आला की उघडलं, रिव्हिजन बघूनच चढवतोय.